स्वयंपाकघराच्या भिंतीच्या बाजूने

पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात घराचे नूतनीकरण निघाले की पहिला घाव बहुधा एकाच ठिकाणी पडतो : स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामधल्या भिंतीवर. इंटिरियर करणारा तसे सुचवतो. कंत्राटदार ‘दोन दिवसांचे काम’ म्हणून सांगतो. वरच्या मजल्यावरच्यांनी ते आधीच करून घेतलेले असते. नव्या इमारतींत तर ही भिंत पुष्कळदा बांधलीच जात नाही आणि माहितीपत्रकात ‘ओपन किचन’ ही सोय म्हणून छापली जाते. भिंत नको, या मताची बाजू आता कोणी मांडतही नाही, इतके ते गृहीत धरले गेले आहे. म्हणूनच ते तपासायला हवे.

माझे म्हणणे उलट आहे. ही भिंत ठेवावी. तिच्यात मोठी काचेची खिडकी काढावी, तिला सरकते दार बसवावे. पण ती पाडू नये. या म्हणण्यामागे आवडनिवड नाही, कारणे आहेत, आणि त्यांतली बरीचशी फूटपट्टीने मोजता येतात. दोन्ही बाजू ऐकून निवाडा वाचकांनी करावा.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात. भिंत पाडावी असे म्हणणारे पाच गोष्टी सांगतात. शहरातल्या सदनिका लहान. साठ-सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर आणि त्याला लागून तेवढीच जेवणाची जागा, अशा दोन कोंदट खोल्यांपेक्षा एक मोकळी खोली केव्हाही बरी. स्वयंपाकघराला बाहेरची खिडकी असते, ड्राय बाल्कनी असते. जेवणाची जागा मात्र घराच्या पोटात, दिवसाही दिवा लावावा लागणारी. भिंत गेली की तिथे उजेड येतो. धुराची भीती चुलीच्या आणि रॉकेलच्या स्टोव्हच्या काळातली. आता गॅस आहे, विजेवर चालणारी चिमणी आहे. शिवाय ही भिंत आपली नव्हेच. वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत माणसे चुलीसमोर पाट मांडून जेवत, शिजवण्याची आणि जेवणाची खोली वेगळी करण्याची रीत साहेबाची. आणि शेवटचे, सर्वांत गंभीर म्हणणे असे की, या भिंतीआड पिढ्यान्‌पिढ्या बाई एकटी राबली. बाहेर गप्पा आणि हशा, आत ती आणि कुकर. भिंत पाडणे म्हणजे तिला घरात सामील करून घेणे.

हे शेवटचे म्हणणे ज्याच्या मनाला भिडत नाही त्याने या वादात पडू नये. माझ्या मनाला ते भिडते. म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा देणार आहे. पण आधी बाकीचे.

जागेचा हिशेब कागदावर करता येतो, तो करू. भिंत नऊ फूट लांब धरा. त्यात तीन फुटांचे दार. उरली सहा फूट. साडेचार इंचांची वीट आणि दोन्ही अंगांचे प्लास्टर मिळून जाडी सहा इंच. म्हणजे भिंत पाडून हाती येणारी जमीन तीन चौरस फूट, आणि तीही अर्धा फूट रुंदीची एक पट्टी. आता दुसरी बाजू मांडा. त्याच सहा फूट भिंतीला लागून फूटभर खोल आणि सात फूट उंच मांडणी केली तर बेचाळीस घनफूट साठवण मिळते. मराठी स्वयंपाकघराला ती लागते. पुरणयंत्र, सोऱ्या, परात, मोठी पातेली, कुळीथ-वालाचे डबे, उन्हाळ्यात केलेल्या पापड-कुरडयांचे पिंप, लोणच्याच्या बरण्या. मांडणी जमीन अडवते, असे कोणी म्हणेल. अडवते. पण भिंत गेल्यावर हे सामान जाते कुठे? ते पलंगाखाली जाते, माळ्यावर जाते, नाहीतर जिथे भिंत होती नेमक्या त्याच जागी एक ‘ब्रेकफास्ट काउंटर’ बांधून त्याच्या खाली जाते. हा काउंटर दोन फूट रुंद असतो. सहा इंचांची भिंत काढून दोन फुटांचा अडथळा आला. जागा वाढली की घटली?

नजरेला खोली मोठी वाटते, हे खरे. तो लाभ मी नाकारत नाही. उजेडाचा लाभही खरा आहे. पण नजर आणि उजेड हे दोन्ही काचेतून जातात. तेल जात नाही.

इथे वादाच्या गाभ्याशी येतो. आपला स्वयंपाक कशावर उभा आहे? तेल कडकडीत तापून मोहरी तडतडते त्या क्षणावर. गोड्या मसाल्यासाठी सुके खोबरे, तीळ, धणे, दगडफूल एकामागून एक परतले जातात. थालीपिठाच्या भाजणीसाठी धान्ये आणि डाळी खरपूस भाजाव्या लागतात. कोल्हापुरी रश्श्याचे वाटण काळपट होईपर्यंत हलवावे लागते. ठेच्यासाठी तव्यावर टाकलेल्या हिरव्या मिरच्यांचा खकाणा उठला की घरभर ठसका लागतो. सुके बोंबील विस्तवावर भाजले नाहीत तर त्यांना चव नाही. ज्या देशांतून हे उघडे स्वयंपाकघर आपल्याकडे आले तिथल्या रोजच्या स्वयंपाकात उकडणे आणि भट्टीत भाजणे बरेच, मसाल्यांची आणि वाटणांची परतणी कमी. त्यांच्या घराचा आराखडा आपण घेतला. आपली फोडणी मात्र आपलीच राहिली.

‘चिमणी आहे ना?’ हे यावरचे ठरलेले उत्तर. चिमणी वापरावी, असे मीही म्हणेन. पण तिच्याकडून अपेक्षा काय करता? अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत शेगडीवरच्या निरनिराळ्या हुडांनी ओढून घेतलेल्या धुराचे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी ते ९८ टक्क्यांहून अधिक, इतके वेगवेगळे निघाले. मागच्या बर्नरचा धूर बराच पकडला जाई, पुढच्या बर्नरचा निसटे. आता आपला ओटा डोळ्यांसमोर आणा. दोन फूट रुंदीच्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, तीही हात भाजू नये म्हणून पुढे ओढलेली. फोडणी बहुधा पुढच्याच कडेला होते, कारण कढई हातासरशी हलवायची असते. टेक्सास विद्यापीठाच्या चाचणी-घरात २०१८ मध्ये ‘होमकेम’ नावाचा प्रयोग झाला. साध्या घरगुती स्वयंपाकाच्या वेळी हवेतील सूक्ष्म कण किती वाढतात ते तिथे मोजले गेले. सणाचे मोठे जेवण रांधताना ती हवा जगातल्या प्रदूषित महानगरांच्या हवेच्या पंक्तीला जाऊन बसली. आणि तिथे मोहरी तडतडत नव्हती.

चिमणी जी हवा बाहेर फेकते ती कुठून तरी आत आली पाहिजे, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. आणखी एक साधा हिशेब. स्वयंपाकघर आठ फूट बाय आठ फूट, छत नऊ फूट. आत सुमारे सोळा घनमीटर हवा. ताशी हजार घनमीटर ओढणारी चिमणी ही सगळी हवा एका मिनिटात बदलू शकते. भिंत पाडून तेच स्वयंपाकघर जेवणाच्या जागेला आणि दिवाणखान्याला जोडले, एकूण जागा ३२० चौरस फूट झाली, तर त्याच चिमणीला त्याच कामाला पाच मिनिटे लागतील. नळीतली वळणे, जाळीवर साचलेला मेणचटपणा यांमुळे प्रत्यक्षातला वेग यापेक्षा कमीच असतो, पण पाचपटीचे गुणोत्तर बदलत नाही. चिमणी तेवढीच राहिली, काम पाचपट झाले. त्यात दिवाणखान्यातला एसी चालू असेल तर खिडक्या बंद असतात, चिमणीला बदली हवा मिळत नाही आणि ती नुसता आवाज करते. खिडक्या उघडल्या तर एसी वाया. राष्ट्रीय इमारत संहितेने स्वयंपाकघराला निदान १ चौरस मीटरची, डक्टमध्ये न उघडणारी, मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी आवश्यक मानली आहे ती उगाच नाही. स्वयंपाकघराला स्वतःचा श्वास लागतो.

एसीचे सोडा. पंख्याचे काय? हा प्रश्न मी अनेक सजावटकारांना विचारला आहे आणि समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. एप्रिलच्या दुपारी जेवणाच्या टेबलावरचा पंखा लावला की पाच फुटांवरच्या शेगडीची ज्योत फडफडते, पोळी एका बाजूने कच्ची राहते, गॅस वाया जातो, कधी ज्योत विझते आणि गॅस नुसताच येत राहतो. पंखा बंद केला तर जेवणारे घामाघूम. भिंत आणि दार असलेल्या घरात हा प्रश्न उद्भवतच नाही. जेवणारे वाऱ्यात बसतात, ज्योत स्थिर राहते. ज्यांनी भिंत पाडली त्या घरांत पंख्याच्या बटणावरून रोज दोनदा वाद होतो, आणि बहुधा ज्योत हरत नाही, ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती हरते : तिच्यासाठीही पंखा नसतो आणि आता तर दिवाणखान्यातल्यांची नाराजीही तिच्याच वाट्याला येते.

हळूहळू या सगळ्याचा परिणाम ताटात दिसू लागतो, आणि माझे मन तिथे खरे दुखते. सोफ्याला वास लागतो म्हणून सुकट बंद होते. पडदे मेणचट होतात म्हणून तळण बाहेरून येते. भाजणी विकत. ठेचा बाटलीतला. कोणी ठरवून काही सोडत नाही. एकेक पदार्थ ‘आज नको, पाहुणे यायचेत’ म्हणून मागे पडतो आणि मग घराला त्याची सवय राहत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० मध्ये ‘गृहिणी-मित्र’मधून एक हजार पाककृती मराठी घरांना दिल्या, कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून कित्येक नवख्या हातांना चव शिकवली. त्या पाककृती करायला एक अशी खोली लागते जिथे धूर झाला, पीठ सांडले, खकाणा उठला तरी कोणाची माफी मागावी लागत नाही. घराच्या आराखड्याने घरात काय शिजावे हे ठरवावे का?

आता ‘आपली घरे मुळात उघडीच होती’ या म्हणण्याकडे. त्यातला अर्धा भाग खरा आहे, तो मी मान्य करतो. चुलीसमोर पाट मांडले जात, पंगत स्वयंपाकघरात किंवा माजघरात बसे, डायनिंग टेबल मराठी मध्यमवर्गाच्या घरात सरसकट आले ते स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. पण त्या स्वयंपाकघराचे छत कसे होते? वर कौले, कौलांच्या फटी, कुठे धुराडे, मागे परसात उघडणारे दार. धूर वर चढे आणि फटींतून निघून जाई. आजच्या सदनिकेत डोक्यावर काँक्रीटचा सपाट स्लॅब, त्याखाली फॉल्स सीलिंग लावून आणखी फूटभर उंची कमी केलेली. जुन्या घराचा उघडेपणा घ्यायचा आणि त्या उघडेपणाला पेलणारे छत सोडायचे, ही परंपरा नव्हे. शिवाय त्या घरात बैठक कुठे होती? ओसरीवर, पडवीत. चूल आणि पाहुणा यांच्यामध्ये निदान एक माजघर असे. म्हणजे जुन्या घराचा दाखला दिलाच तर तो पूर्वपक्षाच्या विरोधात जातो.

पाश्चात्त्यांकडेही पाहू, कारण कल्पना तिथली आहे. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट याने १९३४ मध्ये मिनिआपोलिस येथील विली यांच्या घरात स्वयंपाकाची जागा बैठकीला खुली केली. आधुनिक उघड्या स्वयंपाकघराच्या इतिहासात हे घर आवर्जून सांगितले जाते. पण राइटने तिथे मध्ये काचेची मांडणी ठेवली होती. पुढे १९३७ मध्ये मॅडिसन शहरात जेकब्स कुटुंबाचे घर बांधताना त्याने स्वयंपाकाच्या जागेचे छत शेजारच्या जागांहून उंच नेले आणि वर खिडक्या ठेवल्या, म्हणजे वाफ आणि वास वरच्या वर निघून जावेत. ज्याने भिंत हटवली त्याला तिची किंमत माहीत होती आणि त्याने ती उंचीत मोजली. आपल्याकडे आराखडा उचलला गेला, उंची तिकडेच राहिली.

याच्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईने जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. जगातल्या सगळ्या मॉड्युलर किचनांचे ते मूळ. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटरच्या आसपास, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. ही बाई डाव्या विचारांची. पुढे नाझींच्या विरोधात काम केले म्हणून तुरुंगात गेली. स्त्रीचे कष्ट आणि वेळ वाचवणे हाच तिचा हेतू होता. तिच्यासमोर पर्याय होता तो शिजवणे, जेवणे, बसणे सगळे एकाच खोलीत असलेल्या जुन्या कामगार-घराचा. तिने तो नाकारला. वाफ आणि वास राहत्या खोलीत नकोत म्हणून तिने स्वयंपाकघर वेगळे केले, आणि बैठकीच्या बाजूला रुंद सरकते दार ठेवले, म्हणजे काम करता करता आईला मुलांवर लक्ष ठेवता यावे. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवाद्यांनी या स्वयंपाकघरावर टीका केली की त्याने बाईला चार भिंतींत एकटे पाडले. ही टीका अरुंद खोलीवर न्याय्य आहे. दोन माणसे तिथे बरोबर उभी राहू शकत नव्हती. पण टीका करताना त्या सरकत्या दाराचा विसर पडला.

आणि त्यामुळे आपण मुख्य प्रश्नाशी येतो. भिंतीने बाईला कोंडले का?

पुरावा तपासा. वाड्यातल्या त्या स्वयंपाकघरात पंगत आणि चूल यांच्यामध्ये भिंत नव्हती. पुरुष तिच्या डोळ्यांदेखत जेवत होते. ती वाढत होती. मग ती शेवटी, उरलेसुरले घेऊन, बहुधा इतर बायकांबरोबर जेवत होती. तिला कोंडणारी गोष्ट सोवळ्याची होती, रीतीची होती, कोणाचे काम कोणी करायचे या ठरलेल्या वाटणीची होती. भिंतीची नव्हती, कारण भिंत तिथे नव्हतीच. दुसरा पुरावा मुंबईचा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने बांधल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. शिजवणे, जेवणे, अभ्यास, आजारपण, झोप, सगळे त्याच खोलीत. याहून उघडे स्वयंपाकघर कोणते? शतकभर त्या खोल्यांत बाईच्या कामाची वाटणी झाली का? उलट जिथे शक्य झाले तिथे लोकांनी लाकडी पार्टिशन घातले, निदान पडदा लावला. ज्यांना भिंत नसणे म्हणजे काय ते जन्मभर ठाऊक होते, त्यांनी संधी मिळताच आडोसा उभा केला. त्यांची साक्ष माहितीपत्रकापेक्षा वजनदार मानायला नको का?

तिसरा पुरावा आकड्यांचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. त्याहून बोलका आकडा सहभागाचा : सर्वेक्षणाच्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया १०० पैकी ८१, पुरुष २६. पुढचे सर्वेक्षण २०२४ चे. त्यात स्त्रियांची मिनिटे २८९ आणि पुरुषांची ८८. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, खेड्यांचेही आहेत. त्यांवरून ओपन किचनला दोषी धरणे चुकीचे ठरेल आणि मी तसे करत नाही. मुद्दा इतकाच की ज्या घरात पुरुष कांदा चिरायला उठत नाही त्या घरात तो भिंतीमुळे उठत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी भिंत पाडणाऱ्यांवर आहे. तो सोफ्यावरून आता तिच्याकडे पाहू शकतो, एवढेच त्यांनी सिद्ध केले आहे. पाहणे म्हणजे हातभार नव्हे.

पाहण्याचा तर वेगळा त्रास आहे. दार असलेल्या स्वयंपाकघरात बाईला स्टुलावर दोन मिनिटे टेकता येते, फोनवर बहिणीशी बोलता येते, डोळे पुसता येतात, करपलेली भाजी कोणाला न दाखवता दुसऱ्या पातेल्यात काढता येते. उघड्या स्वयंपाकघरात ती सतत कोणाच्या ना कोणाच्या नजरेसमोर असते. पाहुणे बसले आहेत, सिंकमध्ये खरकटी भांडी आहेत, मग जेवण व्हायच्या आधीच घासायला घ्या. तिचे काम कमी झाले नाही. त्यात ओटा सदैव नीटनेटका दिसण्याच्या कामाची भर पडली. जी खोली घरात तिच्या हुकमाची होती, तिचे दार काढून आपण तिला मोकळे केले असे कसे म्हणता येईल?

आणि शहरातल्या किती घरांत आज ओट्यापाशी घरची बाई उभी असते? सकाळी सात वाजता येऊन तासाभरात पोळी-भाजी उरकून पुढच्या घरी जाणाऱ्या मावशी असतात. या सगळ्या चर्चेत त्यांचे नाव कोणी काढत नाही. त्यांच्या दृष्टीने विचार करा. एका खोलीत टीव्ही, साहेबांचा लॅपटॉपवरचा कॉल, मुलांचा अभ्यास, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी मिक्सर लावायचा. मिक्सरचा आवाज ८० डेसिबलच्या वर जातो. ‘मावशी, पाच मिनिटं थांबा, मीटिंग चालू आहे,’ असे त्यांना सांगितले जाते, आणि त्या पाच मिनिटांचा उशीर त्यांना पुढच्या घरी भोगावा लागतो. बाईला सामील करून घेण्यासाठी भिंत पाडली, हा युक्तिवाद मावशींपुढे टिकेल का?

ज्यांच्याकडे पैसा आणि जागा आहे त्यांनी या प्रश्नाचे काय उत्तर काढले तेही पाहावे, कारण कृती ही कबुलीच असते. सिंगापूर-मलेशियातल्या घरांत ‘ड्राय किचन’ आणि ‘वेट किचन’ अशी जोडी असते : पहिले दाखवायचे, कॉफीचे, दुसरे भिंतीआडचे, खऱ्या स्वयंपाकाचे. कॅनडात भारतीय वस्तीच्या गावांत बिल्डर ‘स्पाइस किचन’ म्हणून दार असलेली छोटी खोली बांधून देतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत तळण आणि मासे करायला गॅरेजमध्ये वेगळी शेगडी ठेवलेली असते, हे तिकडे राहून आलेल्या कोणालाही विचारावे. मुंबईच्या मोठ्या टॉवरांतही तीच रीत आता आली आहे. म्हणजे भिंत गेली कुठे? ती दोन पावले मागे सरकली, आणि राबणारे माणूस पुन्हा तिच्याआड गेले. लहान घरातल्या माणसाला दुसरे स्वयंपाकघर परवडत नाही. त्याला एकच आहे, आणि त्यालाच सांगितले जाते की भिंत पाड.

बांधकामाचे थोडक्यात. विटांच्या भारवाही भिंतींवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींत नऊ इंची भिंत वरच्या मजल्याचे वजन घेते. अलीकडच्या उंच इमारतींत पुष्कळदा ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. तिथे भिंत हाच सांगाडा. मधल्या काळातल्या आरसीसी इमारतींतली कॉलम-बीममध्ये भरलेली भिंत काढता येते, पण हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून ठरवायचे, गवंड्याने टकटक करून नव्हे. आणि सोसायटीची लेखी परवानगी लागते. आगीचेही पाहा. दाटीवाटीच्या हाँगकाँगने २०११ च्या अग्निसुरक्षा संहितेत उघड्या स्वयंपाकघराला परवानगी देताना स्प्रिंकलर, धूरसूचक आणि बाहेर पडायच्या दाराजवळ अग्निरोधक भिंत अशा अटी घातल्या. आपण या तिन्हींपैकी काय बसवतो?

खंडन इथे पुरे. आता मी काय सुचवतो ते सांगतो, कारण पूर्वपक्षाने सांगितलेला एकटेपणा आणि अंधार खरे आहेत आणि त्यांवर उपाय हवा. त्या सहा फूट भिंतीत, ओट्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांवर, चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी काढा. वर लिंटेल, दोन्ही बाजूंना फूटभर भिंत शाबूत. त्यात कडक काचेच्या सरकत्या दोन झडपा. खाली दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच बाहेर येणारी ग्रॅनाइटची फळी, म्हणजे वाट्या-ताटे इकडून तिकडे सरकवता येतात आणि जेवणाऱ्यांना भांडी परत न ठेवायला निमित्त उरत नाही. दारही सरकते, वरचा अर्धा भाग काचेचा. मघाच्या बेचाळीस घनफूट साठवणीतले सोळा घनफूट खिडकीत जातात, सव्वीस उरतात. हा व्यवहार मला मान्य आहे. चहा होत असताना झडपा उघड्या, गप्पा सुरू. फोडणीच्या आधी त्या ओढल्या की चिमणीला पुन्हा तिच्या आवाक्यातली खोली मिळते आणि पंखा चालू राहतो. उजेड दिवसभर येतो. मूल टेबलावर अभ्यास करताना आईला किंवा बाबाला दिसते. उघडायचे केव्हा आणि मिटायचे केव्हा हे ओट्यापाशी उभे असलेले माणूस ठरवते. लिहोत्स्कीबाईंनी सरकते दार ठेवले तेव्हा त्यांना हेच साधायचे होते.

अपवाद मी मान्य करतो. एकटे राहणारे, डबा लावलेले माणूस. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असून त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवणारे एकच माणूस. ज्यांच्या घरी चहा-खिचडीपलीकडे काही शिजत नाही असे जोडपे. त्यांनी खुशाल पाडावी. बाकीच्यांनी आधी खिडकी काढावी. ती पुरेशी वाटली नाही तर भिंत पुढच्या वर्षीही पाडता येईल. पाडलेली भिंत पुन्हा बांधायची म्हटली तर मात्र फरशी उखडावी लागते, वायरिंग फिरवावे लागते, काउंटर तोडावा लागतो आणि कंत्राटदाराला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.